आधी छप्पर, मग कूलर

मे महिन्यात अकोल्याचा किंवा नागपूरचा पारा 44 अंशांवर गेल्याची बातमी येते, तेव्हा तो आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, मोकळ्या जागी, जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवलेला असतो. घरामागच्या अंगणात टिनाचं शेड टाकून त्यात लेथ, वेल्डिंग मशीन किंवा सुतारकामाचा बाक मांडलेल्या माणसाला त्या आकड्याचा फारसा उपयोग नाही. त्याच्या डोक्यावर चार-पाच फुटांवर पत्रा असतो आणि भर दुपारी तो पत्रा 65 अंशांच्याही पुढे गेलेला असतो.

“भाऊ, दोन पंखे लावले, कूलर आणला, तरी डोकं तापतंच,” ही तक्रार विदर्भातल्या गल्लोगल्ली ऐकू येते. ती अगदी खरी आहे, आणि तिचं कारणही सोपं आहे. पंखा आणि कूलर हवेचा बंदोबस्त करतात. पत्र्याची उष्णता मात्र हवेतून फारशी येत नाही. ती उन्हासारखीच किरणांच्या रूपाने थेट अंगावर येते. पटत नसेल तर दुपारी दोन वाजता शेडमध्ये उभं राहून डोक्यावर हातभर अंतराने एक पुठ्ठा धरून बघा. हवा तीच, पंखा तोच, तरी कपाळाची धग लगेच कमी होते. पुठ्ठा काढला की परत चटका. शेड गार ठेवायचं असेल तर पहिला रुपया छपरावर घालावा, असं मी ज्याला त्याला सांगतो ते यामुळेच.

आकडे बघितले तर हे आणखी स्पष्ट होतं. स्वच्छ आकाश असताना भर दुपारी सपाट जागेच्या दर चौरस मीटरवर साधारण 1000 वॉट इतकं ऊन पडतं. 10 बाय 20 फुटांचं शेड म्हणजे साडेअठरा चौरस मीटरचं छप्पर. म्हणजे त्यावर 18 किलोवॉटची आग पडते आहे, नऊ गीझर एकदम चालू केल्यासारखी. त्यातली काही परावर्तित होते, काही वारा घेऊन जातो, पण गंजलेला किंवा काळवंडलेला पत्रा त्यातला बहुतांश भाग पिऊन टाकतो आणि त्याचा मोठा हिस्सा खाली सोडतो. दीड टनाचा एसी जास्तीत जास्त सव्वापाच किलोवॉट उष्णता बाहेर फेकतो. उघड्या पत्र्याखाली एसी बसवणाऱ्याचं बिल येतं आणि गारवा येत नाही, त्यात यंत्राचा दोष नाही.

नवा चकचकीत पत्रा तरी बरा असेल, असं वाटतं. इथे एक गंमत आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. जी.आय. पत्रा नवा असताना बरंचसं ऊन परतवतो हे खरं. पण चकचकीत धातूला स्वतःची उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकणं जमत नाही. जेवढं ऊन त्याने घेतलं तेवढं त्याच्यातच साठून राहतं, आणि तो तापत जातो. पांढऱ्या रंगाचं तसं नाही. तो ऊनही परतवतो आणि शोषलेली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडूनही देतो. म्हणून चंदेरी पत्र्यावर हात ठेवता येत नाही आणि शेजारच्याच पांढऱ्या पत्र्यावर ठेवता येतो. वर्ष-दोन वर्षांत पत्र्याची चकाकी गेली, धूळ बसली, गंज धरला की मग परतवण्याचा गुणही संपतो.

हे मोजून बघायचं असेल तर हल्ली पिस्तुलासारखं इन्फ्रारेड थर्मामीटर सहज मिळतं. पण ते थेट चकचकीत पत्र्यावर रोखलं तर ते फसवतं. पत्रा 60 अंशांवर असताना ते 40 सुद्धा दाखवेल, कारण ते मोजतं ती किरणं आणि हा पत्रा किरणं सोडण्यात कंजूष. उपाय सोपा आहे: पत्र्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि त्या टेपवर नेम धरून आकडा वाचायचा. रंग देण्याआधी आणि दिल्यानंतर अशा दोन नोंदी घेतल्या तर खर्च वसूल झाला की नाही, हे कुणाला विचारावं लागत नाही. चांगला पांढरा रंग दिलेला पत्रा भर दुपारी गंजक्या पत्र्यापेक्षा 15 ते 20 अंशांनी तरी खाली असतो.

रंग म्हणून बरेच जण चुन्यात फेविकॉल कालवून मारतात. सिमेंटच्या स्लॅबवर हे उत्तम चालतं आणि स्वस्त पडतं. गुळगुळीत पत्र्यावर मात्र चुना धरत नाही, पहिल्या पावसात पोपडे निघतात, आणि ॲल्युमिनियमचा पत्रा असेल तर ओला चुना त्याला खातो. पत्र्यासाठी बाहेरच्या वापराचा पांढरा ॲक्रिलिक रंग किंवा ‘कूल रूफ’ म्हणून मिळणारा रंगच घ्यावा. गंज वायर ब्रशने खरवडून, पत्रा धुऊन, वाळवून, आधी प्रायमर मारावा, नव्या जी.आय. पत्र्याला त्यासाठी वेगळा वॉश प्रायमर लागतो, नाहीतर रंग सोलून निघतो. काम होळीच्या आधी उरकावं, तेही सकाळी. तापलेल्या पत्र्यावर रंग पसरायच्या आतच सुकतो. आणि दरवर्षी उन्हाळा लागताना छप्पर एकदा धुवावं, कारण धुळीने माखलेला पांढरा रंग काही महिन्यांत मातकट होतो आणि त्याचं निम्मं काम थांबतं. वर चढताना पाय खिळ्यांच्या किंवा जे-बोल्टच्या ओळीवर, म्हणजे खाली परलिन आहे तिथेच, आणि शक्यतो फळी टाकून ठेवावा. सिमेंटचा पत्रा तर वजनाने सरळ फुटतो. त्यावरून पडून माणसं दगावतात. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून तो कोरडा घासू नये, कापू नये.

हे फक्त हौशी माणसांचं शहाणपण राहिलेलं नाही. मे 2010 च्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा आखला आणि पुढे झोपडपट्टीतल्या हजारो घरांची छपरं पांढरी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तेलंगणाने 2023 मध्ये कूल रूफचं स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. विदर्भाला तर हे सर्वात आधी सुचायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

रंगाच्या पुढची पायरी म्हणजे छपरावर दुसरं छप्पर. पत्र्याच्या वर फूट-दीड फूट अंतर सोडून पाइपच्या किंवा बांबूच्या सांगाड्यावर शेडनेट ताणायची. ऊन जाळीवर पडतं, जाळी तापते, आणि मधल्या मोकळ्या जागेतून वाहणारा वारा ती उष्णता घेऊन जातो. हे मधलं अंतर हाच सगळा जीव आहे. जाळी पत्र्याला चिकटवून टाकली तर फायदा बराच कमी होतो. मे महिन्याच्या संध्याकाळी येणारी वावटळ आणि अवकाळीची वादळं जाळी फाडतात, म्हणून दोरी कंजुषी न करता बांधावी आणि मृगाच्या आधी जाळी उतरवून ठेवावी.

आतून करायचं असेल तर पत्र्याच्या खाली, चार-सहा इंच जागा सोडून, चंदेरी फॉइल लावलेली बबल शीट ताणतात. मघाशी सांगितलेला चकचकीत धातूचा दुर्गुण इथे गुण होतो: फॉइल गरम झालं तरी ते खाली उष्णता सोडत नाही. अट एकच. चकचकीत बाजू खाली, मोकळ्या हवेकडे असावी. वरच्या बाजूला धूळ साचते आणि फॉइल निकामी होतं. खालच्या बाजूला ती बसत नाही. जुन्या लोकांनी बांबूच्या तट्ट्या, तुराट्या, पाचट वापरून हेच साधलं होतं. सुताराच्या किंवा मोटार रिवाइंडिंगच्या शेडला आजही तट्ट्यांचं छत शोभतं. वेल्डिंग किंवा ग्राइंडर चालतो तिथे मात्र तुराट्या, पऱ्हाट्या, थर्माकोल यांतलं काहीही डोक्यावर नको. थर्माकोल पेटला की वितळून थेंबाथेंबाने जळत खाली गळतो. ठिणग्या उडणाऱ्या जागी रॉकवूल आणि त्याखाली पत्रा, एवढंच सुरक्षित. शेड नव्यानेच बांधायचं असेल, तर 50 मिलिमीटरच्या पफ पॅनेलचा विचार आधीच करावा, पण तो फोमही जळतो हे लक्षात ठेवून.

पत्र्यावर पाणी मारणं किंवा ओली गोणपाटं टाकणं मला पटत नाही. काम होतं यात शंका नाही. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना सुमारे 2400 किलोज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबात जवळपास 0.67 युनिट उष्णता घेऊन जातं. पण शेडच्या छपराने शोषलेले दहा-बारा किलोवॉट असे उडवायचे तर ताशी पंधरा-अठरा लिटर पाणी लागेल. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत हे पाणी छपरावर ओतण्यापेक्षा, एकदाच रंग मारून तेच काम फुकट करून घ्यावं. शिवाय ओल्या गोणपाटाखाली पत्रा सडतो.

आता भिंती. दक्षिणेकडे सावली करायची धडपड बहुतेक जण करतात, कारण दक्षिणेचं ऊन कडक असं मनात बसलेलं असतं. हिवाळ्यात ते खरं आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात मात्र सूर्य विदर्भाच्या बरोबर डोक्यावरून जातो, शून्य सावलीचा दिवस याच सुमाराला येतो. त्या काळात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. मार बसतो तो छपराला, सकाळी पूर्वेच्या आणि दुपारी तीननंतर पश्चिमेच्या भिंतीला. त्यातही पश्चिमेची भिंत वाईट, कारण हवा आधीच तापलेली असताना तिच्यावर तिरपं ऊन येतं. तिथे कडुनिंब असेल तर उत्तम. नसेल तर भिंतीपासून हातभर अंतरावर जाळी उभी करून तिच्यावर दोडका, कारली, गारवेल, काहीही चढवावं. पश्चिमेची खिडकी आतून पडद्याने झाकून उपयोग नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं, बांबूचा चिक बाहेरून सोडून.

छपराचा आणि पश्चिमेचा बंदोबस्त झाला की हवेचा विचार. गरम हवा वर जाऊन कैचीच्या टोकाशी साठते. तिला तिथेच वाट करून द्यावी लागते: दोन्ही त्रिकोणी भिंतींत जाळी, नाहीतर मोभाशी झाकण असलेली फट, नाहीतर कारखान्यांच्या छपरांवर दिसणारा वाऱ्यावर फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर. त्याला वीज लागत नाही. पण खालून हवा आत यायला सावलीच्या बाजूला, शक्यतो उत्तरेकडे, तेवढीच मोठी वाट हवी. वरची जाळी उघडी आणि खालचं शटर बंद, अशा शेडमध्ये काहीच हलत नाही. 1948 च्या कारखाने कायद्यातही कलम 13 मध्ये पुरेसं वायुवीजन आणि उष्णता कमीत कमी राखणाऱ्या भिंती-छपरांची सक्ती होती. घरामागच्या शेडला तो कायदा लागू नव्हता, पण शरीर तर कारखान्यातल्या कामगाराचंच आहे. वायुवीजनाची मर्यादाही ओळखावी: त्याने शेड बाहेरच्या हवेइतकं गार होईल, त्याहून गार होणार नाही.

बाहेरची हवाच 43 अंश असेल, तर मग कूलर. विदर्भात कूलर का चालतो आणि मुंबई-रत्नागिरीत का चालत नाही, हे समजलं की त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची तेही समजतं. मे महिन्यात नागपूरच्या दुपारी हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली असते. 43 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असलेली हवा पाण्याच्या जोरावर फार तर 25 अंशांपर्यंत खाली येऊ शकते. चांगली ओली ताटी त्या वाटेवरचं तीन चतुर्थांश अंतर कापते, म्हणजे कूलरमधून 29-30 अंशांची हवा बाहेर पडते. कोकणात 34 अंशांना 65 टक्के आर्द्रता असेल, तर तीच ताटी हवेला चार-पाच अंशांनीच उतरवते आणि वर ती दमट करून ठेवते. समुद्रकाठच्या वर्कशॉपने कूलरच्या नादी लागू नये. तिथे मोठा पंखा, उघड्या बाजू आणि सावली हाच मार्ग.

कूलर लावून दारं-खिडक्या बंद करणं ही त्याची सर्वात मोठी हेळसांड. कूलर एसी नव्हे. तो बाहेरची हवा आत ढकलतो, आणि आतली ओली हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात शेडमध्ये उकाडा दाटतो. कूलर भिंतीबाहेर, सावलीत. आणि समोरच्या बाजूला, शक्यतो वरच्या अंगाला, मोठी खिडकी उघडी. झोत लेथच्या बेडवर किंवा हत्यारांच्या कपाटावर नको, माणसावर हवा. ओलाव्याने व्हर्नियर, टॅप, ड्रिल बिट यांच्यावर दोन-तीन दिवसांत गंजाचे तांबूस ठिपके दिसायला लागतात, म्हणून काम संपलं की लेथचा बेड तेलाच्या फडक्याने पुसून ठेवावा. सागवानाच्या जोडकामालाही ही दमट हवा मानवत नाही. लाकूड फुगतं आणि सांधा पुढे हिवाळ्यात उघडतो.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगण्यासारखी. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं, विशेषतः लहान मुलं मरतात. पत्र्याची टाकी, आत पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय. तीन पिनची वायर, जिवंत अर्थिंग आणि पाटीवर 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, या तीन गोष्टी नसतील तर कूलर सुरूच करू नये. पाणी भरताना नुसतं बटण नाही, पिनच काढावी.

पंख्याबद्दल थोडक्यात. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण 35 अंशांपेक्षा, थंड असेपर्यंत पंखा खराखुरा गारवा देतो. त्यापुढे तो केवळ घाम वाळवतो, आणि 40 च्या वर गरम झोत अंगावर घेत बसण्यावर भिस्त ठेवू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

शेडच्या आतही उष्णता तयार होते. एक अश्वशक्तीची मोटार म्हणजे 746 वॉट, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक वॉट शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहतो. सर्वात मोठा गुन्हेगार कंप्रेसर. तो भिंतीबाहेर, छोट्या छपरीखाली न्यावा आणि आत फक्त हवेचा पाइप आणावा. उष्णता, आवाज दोन्ही बाहेर जातात आणि कंप्रेसरलाही थंड हवा मिळते. मोटारींच्या पाटीवर परिसराचं तापमान बहुधा 40 अंश धरलेलं असतं. शेड 48 अंशांवर असेल तर मोटार आपल्या हिशेबाबाहेर चालते आहे, आणि तापमान दर 10 अंशांनी वाढलं की वाइंडिंगच्या इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. मे-जूनमध्ये रिवाइंडिंगवाल्यांकडे मोटारींची रांग लागते, त्यामागे हेही एक कारण आहे. बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलची बॅटरी 45 अंशांच्या वर चार्जिंगला लावू नये. ती घरात नेऊन चार्ज करावी.

मापाचं तर विचारूच नका. लांबीची मापं जगभर 20 अंश तापमानाला धरली जातात. शेड 45 अंशांवर असताना 300 मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा भाग पोलादी व्हर्नियरने मोजला, तर व्हर्नियरही फुगलेला असतो, पण ॲल्युमिनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. तोच भाग गिऱ्हाइकाच्या गार तपासणी खोलीत गेला की आठ शतांश मिलिमीटरने लहान भरतो. बेअरिंगच्या फिटिंगला एवढा फरक माल परत यायला पुरेसा आहे. नुकताच टर्निंग केलेला भाग तर हाताला चटका देण्याइतका तापलेला असतो; तो घरातल्या फरशीवर तासभर ठेवून मगच शेवटचा कट घ्यावा.

पुण्या-मुंबईकडे बंगल्याच्या गॅरेजमध्ये छंद जोपासणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे डोक्यावर स्लॅब असतो. स्लॅब दुपारी उशिरापर्यंत सोसतो आणि दिवसभर प्यायलेली उष्णता संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खाली सोडतो. म्हणजे ऑफिसातून येऊन सात वाजता रंधा हातात घेणाऱ्याला नेमकी वाईट वेळ मिळते. वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक किंवा साधा चुना, आणि रात्रभर खालचे-वरचे झरोके उघडे ठेवून सकाळी नऊला बंद करणं, यावर बरंच भागतं. पत्र्याचा स्वभाव उलटा. त्याच्यात उष्णता साठवायला जाडीच नाही. सूर्य कलला की तो झपाट्याने निवतो आणि पहाटे मोकळ्या आकाशाखाली बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो.

म्हणून टिनाच्या शेडचा दिवस पहाटे सुरू व्हावा. मापाचं आणि फिनिशिंगचं काम सकाळी 6 ते 10, वेल्डिंग आणि ग्राइंडिंग सूर्य मावळल्यावर, आणि दुपारी 12 ते 4 शेडला कुलूप. उन्हाळ्याच्या पहिल्या आठवड्यात कामाचे तास हळूहळू वाढवावेत, कारण शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तहान लागायची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, आणि घाम फार जात असेल तर ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं ही थांबायची खूण. माणूस बरळायला लागला, तोल जायला लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात. मग 108 ला फोन लावायचा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत आणून कपडे सैल करायचे, अंगभर पाणी ओतून वारा घालायचा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. शेडमध्ये एकट्याने काम करणाऱ्याने घरात कुणाला तरी दर तासाने हाक मारायला सांगून ठेवावं.